तराईवाल्या वच्छलाबाई

नागपुरात हुडकेश्वरच्या पुढे आमचा लेआउट, म्हणजे आमची वसाहत, संपतो, तिथून एक कच्चा रस्ता उजवीकडे वळतो. त्या रस्त्यावरच्या पाच एकरांच्या प्लॉटवर ‘उत्तुंगबोध पब्लिक स्कूल’चा नवा कॅम्पस उभा राहणार, असा फलक चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला लागला. फलकावर पोहण्याचा तलाव होता, घोडे होते, काचेची प्रयोगशाळा होती, आणि सहा गोरीपान मुलं होती, जी आमच्या मे महिन्यात अर्धा तासही टिकली नसती. फलक एवढा मोठा की त्याच्या सावलीत लेआउटमधली म्हातारी मंडळी चार वाजल्यापासून जागा धरून बसायची. मीही बसायचो. शाळेचा आम्हाला झालेला पहिला उपयोग तो.

शाळा तेव्हा एका मंगल कार्यालयात भरत होती. माझी नात गोपिका तिथेच केजी वनला होती. लग्नाची मोठी तारीख असली की आदल्या दिवशी मोबाइलवर निरोप यायचा, ‘उद्या सेल्फ स्टडी डे.’ गोपिकेच्या वर्गाच्या दारावरची जुनी पाटी कोणी काढली नव्हती, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या त्या पोरीनं आयुष्यात वाचलेला पहिला मराठी शब्द ‘वधूपक्ष’ हा होता. साहजिकच सगळ्या पालकांचे डोळे नव्या कॅम्पसकडे लागलेले. आणि त्या कॅम्पसवर ज्यांनी सगळ्यांत जास्त दिवस काम केलं, त्या वच्छलाबाई निनावे. त्यांचीच ही गोष्ट.

वच्छलाबाई उमरेडच्या. कोष्ट्याचं घर. माहेरी चार माग, सासरी दोन. परकरात असल्यापासून त्यांचं काम पाजणीचं. गल्लीत ताणा लांब ताणायचा आणि कुंच्यानं त्याला खळ पाजायची, म्हणजे सुताला बळ येतं. पुढे माग थांबले, तशी दोघं नवराबायको नागपुरात आली. नवरा श्रावणभाऊ सक्करदऱ्याच्या एका साडीच्या दुकानात रफूचं काम करू लागला. आयुष्यभर साड्या विणल्या, आता लोकांच्या फाटलेल्या सांधतो, असं तो हसत सांगायचा. दोन मुली सासरी गेलेल्या. घरी बसून काय करायचं, म्हणून वच्छलाबाई शाळेच्या साइटवर काम विचारायला गेल्या.

साइटवर जितेंद्र नावाचा तिशीतला इंजिनिअर होता. त्यानं त्यांना तराईवर लावलं. तराई म्हणजे नव्या काँक्रीटला पाणी मारायचं काम. बाहेरून सोपं दिसतं, म्हणून ते नेहमी ज्याला दुसरं काही येत नाही त्याला देतात.

“मावशी, पाणी कमी पडलं की पिलर तडकते,” जितेंद्र म्हणाला.

“आमच्या घरी सुताले पाजत होतो जी. पाजण कमी झाली का धागा मागावर तुटे. तसंच दिसते हेबी.”

“तसंच समजा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी बंद म्हणीन तवापर्यंत मारत राहाचं.”

“हाव,” वच्छलाबाई म्हणाल्या.

सहा महिन्यांत बत्तीस पिलर उभे राहिले. छातीएवढे काँक्रीट, त्याच्यावर उघड्या सळया. वच्छलाबाईंनी प्रत्येकाला बारदाना गुंडाळला, सुतळीनं बांधला, आणि बोअरचा पाइप ओढत त्या बत्तिसांना तीन वेळा भिजवू लागल्या. मग काम थांबलं.

कारण मोठं होतं. संस्थेचे अध्यक्ष मनोहरराव यांनी एका वास्तुतज्ज्ञाला साइट दाखवली. तज्ज्ञानं होकायंत्र काढलं आणि सांगितलं, दक्षिणेला दार नको, विद्येला ग्रहण लागेल. आता प्लॉटला रस्ता होता तो फक्त दक्षिणेलाच. पूर्वेला एका शेतकऱ्याचं तुरीचं वावर होतं आणि तो ते विकायला तयार नव्हता. पूर्वेची जमीन मिळेपर्यंत काम पुढे न्यायचं नाही, असं ठरलं. पालकांना मात्र आधी पावसाचं कारण सांगितलं, मग उन्हाचं, आणि ही दोन्ही संपल्यावर ‘सुधारित नकाशा’ आला.

मजूर दुसऱ्या साइटवर गेले. सेंट्रिंगच्या पाट्या गेल्या. एका रविवारी जितेंद्रही आपली दुचाकी घेऊन गेला तो सोमवारी आला नाही. वच्छलाबाईंना बंद करा असं मात्र कोणीच म्हटलं नाही. सुरुवातीला त्यांना वाटलं, मजूर होळीला गावी गेले असतील. होळी झाली. मग लग्नसराई असेल. तीही झाली. महिना भरला की पगार मिळत होता, कारण शाळेच्या यादीत त्यांचं नाव आयाबाई आणि बसवरचा क्लीनर यांच्यामध्ये चढलेलं होतं. यादीत चढलेलं नाव उतरवायला कोणाची तरी सही लागते, आणि सही करणारे सगळे तुरीच्या वावरात गुंतले होते.

त्या एकदा स्वतःहून विचारायलाही गेल्या. मंगल कार्यालयात दामिनी मॅडमची केबिन होती. दामिनी मॅडम म्हणजे मनोहररावांची सून, शाळेची डायरेक्टर. त्या फोनवर बोलत होत्या.

“मॅडम, पाणी सुरू ठेवू का बंद करू?”

मॅडमनी हात हलवला आणि म्हणाल्या, “चालू द्या, चालू द्या.”

ते त्यांना म्हणाल्या की फोनवरच्या माणसाला, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. वच्छलाबाई परत आल्या आणि पाइप उचलला.

फलकाखाली बसून मी हे रोज बघायचो. एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, “बाई, काम तर बंद पडलं. पाणी कायले मारता?”

त्या पाइप न सोडता म्हणाल्या, “काम बंद पडलं हे आपल्याले माहीत आहे भाऊ. सिमेंटाले कुठं माहीत आहे?”

इकडे पालकांना दर महिन्याला ‘प्रगती अहवाल’ येऊ लागला. पहिल्या अहवालात लिहिलं होतं, बासष्ट टक्के काम पूर्ण. कशाचे बासष्ट टक्के, ते लिहिलेलं नव्हतं. मग अडुसष्ट झाले, चौऱ्याहत्तर झाले, एकोणऐंशी झाले. ऐंशीच्या जवळ आल्यावर मॅडमना बहुधा संकोच वाटला असावा, कारण त्यानंतर एकोणऐंशी पूर्णांक पाच, पूर्णांक सात, पूर्णांक आठ असे आकडे येऊ लागले. फोटो तेच बत्तीस पिलर, पण एकदा खालून, एकदा वरून, एकदा सूर्य मागे ठेवून. फोटोवाला आला की मॅडम वच्छलाबाईंना पिवळं हेल्मेट घालायला लावत आणि डोक्यावर, म्हणजे हेल्मेटवर, रिकामं घमेलं देत. वच्छलाबाईंकडे कामावर नेसायच्या चार साड्या होत्या. म्हणून अहवालात चार कुशल महिला कामगार होत्या.

“कोणती साडी नेसू उद्या?” असं त्या कधी कधी श्रावणभाऊला विचारायच्या. तो म्हणायचा, “हिरवी नेस. हिरवीवाली बाई दोन महिन्यापासून कामावर आलीच नाही.”

जिथे तीन वेळा पाणी पडतं तिथे काहीतरी उगवणारच. वच्छलाबाईंनी पिलरांच्या बुडाशी दोडके लावले, वाल लावला, चवळी लावली. वेल बारदान्यावरून चढून सळयांपर्यंत गेले. पावसाळ्यानंतर लांबून बघणाऱ्याला ती शाळा वाटत नव्हती, चांगल्या शेतकऱ्याचा मांडव वाटत होता. लेआउटमधल्या बाया संध्याकाळी पिशव्या घेऊन जायच्या आणि वच्छलाबाई एकीलाही रिकामी पाठवायच्या नाहीत. त्या महिन्याच्या अहवालात होतं, ‘व्हर्टिकल गार्डनचं काम नियोजित वेळेच्या आधी पूर्ण.’ माझ्या माहितीप्रमाणे अख्ख्या प्रकल्पातलं वेळेआधी झालेलं तेवढं एकच काम.

अशी तीन वर्षं गेली. गोपिका दुसरीत गेली. तिच्या दुधाच्या दातांपैकी चार पडून नवे आले, तरी पिलर जिथल्या तिथे. शेवटी माझी सून अंजू पालकसभेत उभी राहिली. अंजू बँकेत आहे, रोज लोकांचे कागद तपासते, तिला पूर्णांक आठ कधीच पटलं नव्हतं.

“मॅडम, आम्हाला साइट आतून पाहायची आहे,” ती म्हणाली.

दामिनी मॅडम गोड हसल्या. “श्युअर! सेफ्टी क्लिअरन्स घेऊन कळवते.”

सेफ्टी क्लिअरन्सला एक महिना लागला. मग एका रविवारची सकाळ ठरली.

त्या सकाळी सातलाच मानेवाड्याच्या ठिय्यावरून, म्हणजे जिथे मजूर कामाची वाट पाहत उभे असतात तिथून, तीन गाड्या भरून चाळीस माणसं आली. एक मिक्सर आला. त्यात सिमेंट नव्हतं, नुसती गिट्टी होती, पण आवाज असा की शेजारच्या वावरातले बगळे उडून गेले. मजुरांना सांगितलं होतं, घमेलं भरून वाळू इथून तिथे न्यायची आणि तिथून इथे आणायची. वच्छलाबाईंना हे पाहवेना. त्या मुकादमाला म्हणाल्या, “काहून गा, तो ढीग सकाळी इथंच होता ना? मंग त्याले फिरायले कायले नेलं होतं?” मुकादमानं त्यांना पिलर भिजवायला पाठवून दिलं.

अकरा वाजता पालक आले. मांडवात तर्री-पोहे होते, थंड पाणी होतं. मनोहरराव बोलायला उभे राहिले. उंच, पांढरेशुभ्र कपडे, आवाज भारदस्त. “शाळा म्हणजे विटा-सिमेंट नव्हे,” ते म्हणाले, “शाळा म्हणजे संस्कार!” साइटवर विटा आणि सिमेंट दोन्ही नसल्यामुळे या वाक्याला विरोध करायला कोणालाच जागा नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पोह्यांवर आणखी तर्री घेतली.

अंजू मात्र पोह्याची प्लेट खाली ठेवून पिलरांकडे गेली. मागून दहा-बारा पालक गेले. वच्छलाबाई पाणी मारत होत्या.

“मावशी, काम कधीपर्यंत होईल?” अंजूनं विचारलं.

वच्छलाबाईंना तीन वर्षांत एकाही पालकानं त्यांच्या कामाबद्दल विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. पाइप बाजूला ठेवून त्यांनी पदरानं हात पुसले.

“माहं काम तं पक्कं आहे बाई. हे पाहा, हात लावून पाहा. तीन वर्ष पाणी पेले हे. असे पिलर अख्ख्या नागपुरात सापडाचे नाहीत.”

“तीन वर्षं?”

“हाव न. एक दिवस नागा नाही. माह्या धाकटीचं बाळंतपण होतं तवा हे येऊन मारून जात होते.” हे म्हणजे श्रावणभाऊ.

“आणि हे बाकीचे मजूर?”

“हे आज सकाळी आले. कोणाचे कोण आहेत, मले काही माहीत नाही बाप्पा. ती वाळू मात्र फुकट फिरवून राहिले, तेवढं सांगा कोणाले तरी.”

कोणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपत होतं. मिक्सर बंद झाला तेव्हा साइटवर अशी शांतता पसरली की गिट्टी आतल्या आत खाली बसल्याचा आवाज आला. त्यानंतर मात्र कोणाचा आवाज कोणाला ऐकू येईना. एकजण मनोहररावांना संस्काराचा अर्थ विचारत होता. दामिनी मॅडम सगळ्यांना ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणत गाडीपर्यंत पोहोचल्या.

पालक गेल्यावर मनोहररावांनी वच्छलाबाईंना बोलावलं.

“कोणं सांगतलं होतं तुले बोलाले?”

“त्या बाईनं इचारलं जी.”

“इचारलं म्हणून खरं सांगाचं?”

वच्छलाबाई थोडा विचार करून म्हणाल्या, “मंग काय सांगाचं होतं, तेबी कोणं सांगतलं नाही जी.”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मनोहररावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि ते निघून गेले. रागाच्या भरात ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायचंही ते विसरले.

पण दुसऱ्याच दिवशी तो व्हिडिओ शहरभर फिरला. ‘तीन साल से पिलर को पानी पिलाती मौसी’ असं त्यावर कोणीतरी लिहिलं होतं आणि मागे हसण्याचा आवाज जोडला होता. सक्करदऱ्याच्या दुकानात मालकानं तो श्रावणभाऊला दाखवला. गिऱ्हाइकंही हसली. घरी येऊन श्रावणभाऊ म्हणाला, “लोक तुले हसून राहिले वं.” वच्छलाबाईंनी व्हिडिओ पूर्ण पाहिला. स्वतःला पहिल्यांदाच असं बोलताना त्या पाहत होत्या. मग मोबाइल उलटा ठेवला आणि दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघालो तर पाइपाचा आवाज. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “दोन दिवस कोरडे राहिले बिचारे.”

पालकांनी आता एकच धरलं, की तीन वर्षं उघड्यावर पडलेल्या पिलरांवर आमची पोरं बसवायची असतील तर आधी तपासणी करा. संस्थेनं नाइलाजानं एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना बोलावलं. त्यांचं नाव संजीव. बारीक चणीचे, कमी बोलणारे. त्यांनी बारदाने सोडायला लावले, बंदुकीसारखं एक यंत्र पिलरवर टेकवलं, ठक्क असा आवाज झाला, आकडा वहीत घेतला. दुसरा पिलर, तिसरा. सहाव्या पिलरनंतर ते थांबले आणि यंत्र बिघडलंय का म्हणून त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. यंत्र ठीक होतं.

“क्युरिंगचं, म्हणजे तराईचं रजिस्टर कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

रजिस्टर आलं. कव्हरवर शाळेचं नाव सोनेरी अक्षरांत होतं आणि आत एकही अक्षर नव्हतं. तेव्हा संजीव सर वच्छलाबाईंकडे वळले. बाई सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. बारदाना कधी बदलला, उन्हाळ्यात चौथ्यांदा पाणी कधीपासून मारायचं, वरच्या सळयांना सिमेंटचं पातळ पाणी कसं फासलं, सिमेंट संपल्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांच्या टोप्या कशा घातल्या.

“हे सळयांचं कोणी सांगितलं?”

“सिमेंट फासाले जितेंद्र साहेबानं सांगतलं. पिशव्या माह्याच मनानं. लोखंड गंजते न जी.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “पिलर उत्तम आहेत. सळयांची टोकं फूटभर कापावी लागतील, बाकी काही नाही. पण बाई, एवढं पाणी लागत नाही हो. अठ्ठावीस दिवस पुरतात.”

“अठ्ठावीस?”

“हो. अठ्ठावीस दिवसांत काँक्रीटला जे बळ यायचं ते जवळजवळ सगळं येतं. त्यानंतर फार फरक पडत नाही.”

वच्छलाबाईंच्या हातात ओला बारदाना होता. तो त्यांनी घडी घालून पिलरच्या बुडाशी ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

“भाऊ, महिन्याभरातच त्याइचं पोट भरलं होतं म्हणे. मंग मी हजार दिवस कोणाले पाजत होती?”

मी पोस्टात छत्तीस वर्षं शिक्के मारले. त्यातल्या किती पत्रांचा कोणाला उपयोग झाला, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं नेहमी टाळत आलो. त्या दिवशीही टाळला. म्हटलं, “दोडके तर आमी खाल्ले ना बाई.” त्या हसल्या. पण पदर डोळ्यांना लावूनच हसल्या.

संजीव सरांचा अहवाल आला. त्यात ‘क्युरिंग पर्यवेक्षक’ या रकान्यात वच्छलाबाई श्रावण निनावे असं नाव होतं. त्या कॅम्पसबद्दल चार वर्षांत छापलेल्या सगळ्या कागदांत ही एवढी एक नोंद अशी होती, जिच्यात खोटं काही नव्हतं. अंजूनं त्याची प्रत काढून त्यांना नेऊन दिली. श्रावणभाऊनं ती दुकानात नेली आणि मालकाला दाखवली. मालक या वेळी हसला नाही.

दामिनी मॅडमनी तो अहवाल दोनदा वाचला आणि त्यांना तिसरीच गोष्ट दिसली. पंधरा दिवसांत नवं माहितीपत्रक निघालं. ‘नागपुरात प्रथमच! एक हजार दिवस क्युअर केलेल्या पिलरांवर उभी शाळा. घाई नाही, गुणवत्ता!’ जे पालक महिन्याभरापूर्वी मुलांची नावं काढायला निघाले होते, त्यांच्यातलेच काहीजण नातेवाइकांना सांगू लागले की आमच्या शाळेचे पिलर काही साधेसुधे नाहीत. प्रवेशाचे अर्ज दुप्पट आले. अंजूनं कपाळावर हात मारला, पण तिनंही नाव काढलं नाही. कारण तोवर दुसऱ्या शाळांचे प्रवेश संपले होते.

आता बांधणं भाग होतं. दक्षिणेच्या दाराचा प्रश्न मनोहररावांनी दुसरा वास्तुतज्ज्ञ आणून सोडवला. हा पहिल्यापेक्षा हुशार होता. त्यानं सांगितलं, दक्षिणेनं आत येणं अशुभ आहे, बाहेर जाणं अशुभ आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. तेव्हा दक्षिणेच्या फाटकावर ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी मोठी पाटी लावायची. पूर्वेच्या भिंतीवर एका दाराचं चित्र काढून त्याच्यावर ‘प्रवेश’ लिहायचं. आज आमच्या लेआउटमधली सगळी पोरं सकाळी बाहेर जाण्याच्या मार्गानं आत जातात.

नवा ठेकेदार आला. त्याच्याकडे क्युरिंगसाठी फवारायचं औषध होतं. ओल्या काँक्रीटवर एकदा मारलं की पाण्याची गरज नाही. वेल उपटले, बारदाने जाळले, पाइप गुंडाळून ठेवला. वच्छलाबाई आठवडाभर रोज आल्या आणि भिंतीशी बसून राहिल्या, कारण या वेळीही त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी एक दुचाकी येऊन थांबली. जितेंद्र होता. थोडा जाड झालेला, कानाजवळ केस पिकलेले. तो सरळ वच्छलाबाईंसमोर येऊन जमिनीवर बसला.

“मावशी, मी तो व्हिडिओ उशिरा पाहिला जी. मले वाटलं होतं, मी गेल्यावर तुमालेबी कोणी सांगतलं असंन.”

“तुमी कुठं गेले होते?”

“हिंगण्याले. कारखान्याचे शेड बांधून राहिलो. इथून जाताना घाईत…” त्यानं हातातली गाडीची किल्ली खाली ठेवली. “माहं चुकलं मावशी.”

वच्छलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग म्हणाल्या, “पिलर पाहून घ्या पहिले. तुमचेच आहेत.”

दोघं बत्तीसही पिलर फिरले. जितेंद्रनं प्रत्येकावर हात फिरवला, दोन ठिकाणी बोटाच्या गाठीनं वाजवून पाहिलं. शेवटच्या पिलरपाशी थांबून तो म्हणाला, “मावशी, आता पाणी बंद.”

“हाव,” त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून घरी गेल्या. मंगळवारपासून त्या जितेंद्रच्या हिंगण्याच्या साइटवर कामाला जाऊ लागल्या. शाळेच्या यादीतून त्यांचं नाव निघालं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी चौकशी केली नाही.

या जूनमध्ये नव्या कॅम्पसचं उद्घाटन झालं. तळमजल्यावर आठ खोल्या झाल्यात. चौथीपर्यंतचे वर्ग तिथे आहेत, त्याच्या वरचे अजून मंगल कार्यालयात. घोडे आले नाहीत. तलावाचा खड्डा खणलाय, त्यात सध्या पावसाचं पाणी आणि बेडूक आहेत, आणि निसर्गविज्ञानाचा तास तिथे होतो. उद्घाटनाला वच्छलाबाईंना बोलावणं नव्हतं. गोपिकेनं घरी येऊन सांगितलं, “आजोबा, व्हरांड्यात पिलरांची लांब रांग आहे, आम्ही त्यांच्यामागे लपतो. एकदम मस्त थंड असतात.”

परवा सोमवारी सकाळी पिपळा फाट्याजवळ मला वच्छलाबाई भेटल्या. कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या होत्या. हातात डबा, पायात नवे काळे बूट, आणि गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र. बूट त्यांना टोचत होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या.

“पाहू तरी,” मी म्हटलं. त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. फोटोत त्या चकित दिसत होत्या. खाली जन्मतारीख होती, एक जानेवारी, आणि साल पाहून मी हिशेब केला.

“बाई, यात तुमचं वय दहानं कमी लिहिलं की.”

“तेच तं,” त्या म्हणाल्या. “मी सांगतलं त्या पोट्ट्याले, बाप्पा मी साठीजवळ आली. तो म्हणे, मावशी, कम्प्युटर आता खोलत नाही. म्हणजे मले रिटायर व्हाले अजून दहा-बारा वर्ष आहेत. आमच्या याइले सांगा तुमी, ते तं घरी बसले.” श्रावणभाऊची नजर आता रफूला पुरत नव्हती, तो महिनाभरापासून घरीच होता.

बस आली. क्लीनरनं “चला, मावशी” म्हणून हात दिला, तो न घेता त्या बूट वाजवत पायऱ्या चढल्या आणि आतल्या एका झोपलेल्या माणसाला सरकवून खिडकीशी बसल्या.